पाचवं पेर

लोक्वे, ४ फेब्रुवारी २०१९

प्रोफेसरसाहेब,

आमच्या लेखाबद्दल तुम्ही नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेलं पत्र त्यांनी मला पाठवलं. ज्यावरून जातीला नाव पडलं तो मूळ नमुना १९८७ सालीच हरवला, त्यामुळे म्रझ्ला गुहेतला हा भुंगेरा तुम्ही मांडलेल्या वंशातला की वेगळ्या, हे आता कुणालाच ठरवता येणार नाही, असं तुम्ही म्हणता. पुढे म्हणता, "डिंक लावण्यात जिची सारी नोकरी सरली अशा निवृत्त बाईला तर नाहीच नाही."

मूळ नमुना हरवलेला नाही. हे पत्र लिहिते आहे त्या कागदापासून वीतभर अंतरावर तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. चार मिलिमीटर लांब, मधाच्या रंगाचा, डोळ्यांच्या जागी काहीच नाही. पुढचा डावा पाय नाही. भुंगेरा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवताना तो माझ्या हातून मोडला होता आणि ते तुम्ही चहाच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं होतंत. उजवा शाबूत आहे. टाचणीवर तीन चिठ्ठ्या आहेत. लाल चिठ्ठीवरचं अक्षर तुमचं आहे, "मूळ नमुना, नर", आणि त्यातला "न" नेहमीसारखा शेपटी ओढलेला.

तो मी नेला. परवानगी घेतली नव्हती. एकतीस वर्षं तो आधी दोऱ्याच्या डबीत होता, मग लवंगांच्या डबीत, कारण लवंगांमुळे कीड लागत नाही. पहिल्याच पत्रात हे लिहून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही ते शोधून काढल्यासारखं करायला नको.

माफी मागायला मी लिहीत नाही. मला तुमच्याशी पुढच्या उजव्या पायाबद्दल बोलायचं आहे.

तुमच्या वंशातल्या सगळ्या नरांच्या पुढच्या पायाला चार पेरं असतात. १९६४ मध्ये तो वंश तुम्ही त्याच खुणेवर बांधलात. छान काम आहे ते. मी कामाला लागले तेव्हा तुमच्या त्या आकृत्या पाहूनच हात स्थिर ठेवायला शिकले. पण म्रझ्लाच्या गुहेतल्या या नराला पाच पेरं आहेत. पहिलं अगदी आखूड आहे, केसांच्या झुपक्याखाली दडलेलं. तुमचा लेख छापून आल्यावर मी तुमच्या खोलीत येऊन हे सांगितलं होतं. तुम्ही मानही वर केली नाहीत. म्हणालात, "रियावेत्सबाई, तुमचं काम चिकटवायचं. मोजायचं काम माझं."

मी तुम्हाला पुन्हा एकदा बघा म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मी एकदा बघतो तेव्हा बघितलेलं असतं."

तो भुंगेरा कुणाला सापडला, ते मी या पत्रात काढत नाही. दोरावरून खाली कोण उतरलं होतं आणि वर तोंडाशी बसून पावाला चीज कोण लावत होतं, ते आपल्या दोघांना माहीत आहे. चिठ्ठीवर तुमचं नाव आहे. असू दे.

वंश वेगळा आहे. तो मी मांडणार आहे.

मिलोयका रियावेत्स

लोक्वे, १७ फेब्रुवारी २०१९

प्रोफेसरसाहेब,

तुमचं उत्तर मिळालं. टंकलेखन यंत्रावरच्या दोन ओळी. पहिली, मी चोर आहे. दुसरी, माझ्याकडे आहे तो भुंगेरा तो नव्हेच.

दोन्ही एकदम कसं जमवता? तो नसेल तर मी चोरलं काय?

चोर म्हणालात, ते मी नाकारत नाही. पण कशी चोर, तेवढं वाचा. शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खण उघडला, टाचणी काढली, दोऱ्याच्या डबीत बुचाच्या तुकड्यावर टोचली. शनिवारी सकाळच्या बसने सीमेपलीकडे, इटलीत, त्रिएस्तेला गेले. आमच्या बसमधली बाकी माणसं जीन्स आणि कॉफी आणायला चालली होती. मी गेले सिन्योर देग्रासींकडे. जकातीतून निवृत्त झालेला माणूस, त्याच्याइतके गुहेतले भुंगेरे त्या काळी कुणी पाहिलेले नव्हते. तुम्ही त्याला "जकात्या" म्हणायचात. त्याने डबी घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, पाय मोजला, आणि मग मोडक्यातोडक्या स्लोवेनियनमध्ये म्हणाला, "बाई, हा तुमच्या प्रोफेसरांचा नव्हे. पाच आहेत." त्याच्या बायकोने मला सूप वाढलं. परतताना सीमेवरच्या शिपायाने पिशवी तपासली. डबी उघडून म्हणाला, "हे काय, मेलेली मुंगी?" मी हो म्हटलं.

सोमवारी सकाळी तुमच्यासमोर ती डबी ठेवायची आणि म्हणायचं, चला, आता दोघांनी मिळून मोजू, एवढाच माझा बेत होता.

पण शनिवारी बर्नहून पाहुणा आला आणि त्याने नेमका तोच भुंगेरा बघायला मागितला. मी सोमवारी पोचले तेव्हा खण आधीच उघडा होता.

त्या खोलीत आपण तिघं होतो, तुम्ही, मी आणि सफाईवाली. त्याबद्दल मी आज लिहिणार नाही. लिहायला बसले होते, जमलं नाही.

माझ्या सहलेखकाबद्दल, गोराझ्दबद्दल लिहिते. तुम्ही संपादकांकडे त्याला "परीक्षानळीतला पोरगा" म्हटलंत. तो चौतीस वर्षांचा आहे, डॉक्टरेट झालेला आहे, आणि गेल्या ऑगस्टमध्ये म्रझ्लाच्या त्या चिंचोळ्या फटीतून पुढे गेला, जिथून मी मागे फिरले होते. त्याला आणखी चार भुंगेरे मिळाले, दोन नर. त्यांच्या पेशींतला वारसा, डीएनए, त्याने वाचला. तुमच्या वंशापासून ते इतके दूर आहेत की ते वेगळे झाले तेव्हा आपल्याकडच्या डोंगरांचे आताचे आकारही झाले नसतील. जुन्या चिठ्ठ्यांवर "चिकटवणारी: मिलोयका रियावेत्स" असं वाचून त्याने मला शोधून काढलं. तुमच्यासाठी ते नुसतं चिकटवणं होतं. त्याने त्यावरून माझ्या घराची घंटा वाजवली.

तो बिचारा म्हणाला, "मिलोयकाबाई, काळजी करू नका. मूळ नमुना हरवलाय, तर नियमाने नवीन नेमता येतो. एक वाक्य लिहायचं आणि पुढे जायचं."

आम्ही दोघं तेव्हा इथेच बसलो होतो. लवंगांची डबी त्याच्या डोक्यामागच्या फळीवर होती. मला फक्त मान हलवायची होती. कुणालाही, कधीही कळलं नसतं.

मी उठून डबी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात.

मिलोयका रियावेत्स

लोक्वे, ९ मार्च २०१९

प्रोफेसरसाहेब,

येसेनित्सेला जाऊन आले. का, ते तुम्ही ओळखलं असेल.

त्या सोमवारचं आता लिहिते. तुम्ही खणापाशी उभे होता. मी दाराजवळच्या खुर्चीवर, कोट अंगात, पिशवी मांडीवर, डबी पिशवीत. आणि सफाईवाली हायरा, हातात फडकं घेऊन. तुम्ही तिच्याकडे बोट केलंत आणि म्हणालात, "हिने पुसताना पाडला. झाडून कचऱ्यात गेला असेल." हायरा म्हणाली, "प्रोफेसर, मी खणांना हातच लावत नाही." तुम्ही म्हणालात, "तर मग कुणी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. डिंक लावणारी बाई असं काही करेल हे तुमच्या मनातही आलं नाही, तेवढी किंमत तुम्ही मला कधी दिलीच नव्हती. मी मनात म्हटलं, आता तुम्ही बोलणं मागे घ्याल, मग सांगू. मग म्हटलं, ती गेली की सांगू. मग म्हटलं, उद्या. दोन आठवड्यांनी तिला काढून टाकलं, त्याबरोबर कामगार वसतिगृहातली तिची खोली गेली. आणि मी रोज येऊन भुंगेरे चिकटवत राहिले. सहा वर्षांनी तुमच्याशी भांडून नोकरी सोडली तेव्हा गावात सगळ्यांना सांगितलं, तत्त्वासाठी सोडली.

तुम्ही मला ज्यासाठी चोर म्हणालात त्यासाठी मला लाज वाटत नाही. यासाठी वाटते.

हायरा मुयकानोविच आता एकाहत्तर वर्षांची आहे. येसेनित्सेत पोलाद कारखान्याच्या जुन्या वस्तीत चौथ्या मजल्यावर राहते. बोस्नियातून आली तेव्हा तिला आपली भाषा येत नव्हती, आता माझ्यापेक्षा चांगली बोलते. दार उघडून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"टाचणीवाली," ती म्हणाली. "ये. बूट काढ."

तिने कॉफी केली, छोट्या तांब्याच्या भांड्यात, साखरेचा खडा वेगळा. नातीच्या परीक्षेचं बोलली, गुडघ्यांचं बोलली. मी कप संपेपर्यंत थांबले नाही, सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग विचारलं,

"पिशवीत होता?"

"हो."

"मी रडत होते तेव्हा?"

"हो."

"पिशवी कुठे होती?"

"मांडीवर."

ती उठली, खिडकी लावली, पुन्हा येऊन बसली.

"तुला सांगते," ती म्हणाली. "मी हात लावला नव्हता. मला पक्कं माहीत होतं. पण एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हटल्यावर वर्षभराने वाटायला लागलं, पाडला असेन. फडकं झटकलं असेल, बाहीला अडकला असेल. नंतर मी इस्पितळाच्या धुलाईत लागले. वीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. प्रत्येक चादर झटकली की खाली बघायचे. बायका म्हणायच्या, हायरा, काय पडलं? मी म्हणायचे, काही नाही."

मी म्हटलं, मी नव्या वंशाला तुझं नाव देणार आहे.

"किड्याला?"

"भुंगेऱ्याला."

"डोळे नसलेल्या?"

"हो."

"माझी नात महिनाभर हसेल," ती म्हणाली. "नाव तुझ्यापाशी ठेव. मला कागद पाहिजे. शिक्क्याचा. हायरा मुयकानोविचने काही पाडलं नाही, असा. तू सही कर. आणि तो करेल."

"प्रोफेसर?"

"बोलला तो. तू गप्प बसलीस. गप्प बसणाऱ्याच्या सहीने माझं अर्धंच काम होईल."

निघताना मी कोट घालत होते तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "कॉफी दिली म्हणजे माफ केलं असं समजू नकोस. कॉफी मी मीटर बघायला येणाऱ्यालाही देते."

कागद सोबत जोडला आहे. माझी सही झाली आहे. खाली तुमच्यासाठी जागा सोडली आहे. तुम्ही तिच्यावर खापर फोडलंत, कारण खण तुमच्या ताब्यात होता आणि शनिवारी बर्नचा पाहुणा रिकामा खण बघून हसला होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहात म्हणून मी हे गोड शब्दांत लिहायला हवं, असं तुमची पुतणी नेवा फोनवर म्हणाली. मला गोड शब्द सापडले नाहीत.

मिलोयका रियावेत्स

लोक्वे, २ एप्रिल २०१९

प्रोफेसरसाहेब,

तर हा तुमचा सौदा. तुम्ही हायराच्या कागदावर सही करणार, बदल्यात मी वंश मागे घ्यायचा आणि भुंगेरा तुमच्या वंशात निमूट राहू द्यायचा. "दोन म्हाताऱ्या माणसांनी शहाणपणाने वागावं," असं तुम्ही लिहिता.

खरं सांगते, तीन दिवस मी विचार केला. इथे बुर्या वारा सुटला होता, छपरावरचे दगडही हलत होते, बाहेर पडायची सोय नव्हती. बसून बसून मनात म्हटलं, काय बिघडेल? भुंगेऱ्याला आपला वंश कोणता ते कळत नाही. हायराला मात्र कागद कळतो. माझ्या हट्टापायी तिने आणखी किती थांबायचं?

मग वाटलं, हायराच्या नावाचा सौदा तिला न विचारता करणारी मी कोण? एकदा तसं करून झालंच आहे. फोन केला.

तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "त्याला सांग, किड्याचे पाय किड्याकडे बघून मोज. माझ्याकडे बघून मोजू नकोस."

एवढंच. मग म्हणाली दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.

म्हणून माझं उत्तर, नाही. तुम्ही सही केली नाहीत तरी वंश छापला जाईल. आणि वंश छापला गेला नाही तरी हायराची गोष्ट मी सांगेन, गावच्या सभागृहात उभी राहून सांगेन.

बाकीच्या बातम्या. भुंगेरा वीस मार्चला मी स्वतः आपल्या जुन्या संस्थेत नेऊन दिला. आताच्या संचालक बाई चाळिशीच्या आहेत. त्यांनी पावती दिली, पाणी दिलं आणि आठवड्याने पत्र दिलं, संग्रहाच्या खोलीत मला जन्मभर बंदी. योग्य आहे, मीही तेच केलं असतं. पोलिसात द्यायचं की नाही याचा विचार चालू आहे म्हणे. करू देत.

संपादक फार सभ्य माणूस आहे. त्याने सुचवलं, "मूळ नमुना एका खासगी संग्रहात पुन्हा आढळला" असं लिहू या. मी कळवलं, लवंगांच्या डबीला खासगी संग्रह म्हणत नाहीत. वाक्य असं राहील: नमुना १९८७ मध्ये प्रस्तुत लेखिकेने परवानगीशिवाय नेला, २०१९ मध्ये परत केला, तो हरवल्याचा ठपका सफाई कर्मचारी हायरा मुयकानोविच यांच्यावर ठेवण्यात आला होता, तो खोटा होता. तो म्हणतो, वंशाच्या वर्णनात अशी वाक्यं येत नाहीत. मी म्हटलं, मग आता येतील.

गोराझ्द चिडला. त्याला अजून पक्की नोकरी नाही आणि त्याच्या पहिल्या मोठ्या लेखात चोरीची कबुली. दोन दिवस त्याने फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी आला, आंबट कोबीचं सूप, योता, खाल्ला, दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि म्हणाला, "वाक्य राहू दे. पण वंशाला प्रोफेसरांचं नाव देऊ या. म्हातारा विरघळेल." मी त्याला पोस्टोयनाच्या गुहेची आठवण करून दिली. जगातला पहिला आंधळा गुहेतला भुंगेरा तिथे दिवे लावणाऱ्या मदतनिसाला सापडला, आणि नाव पडलं सरदाराचं. त्याला आता पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. तेवढं एकदा झालं, पुरे झालं.

आता माझं म्हणणं. मला त्या खोलीत बंदी आहे, तुम्हाला नाही. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि तुम्ही चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता, असं नेवा सांगते. तिच्याकडे गाडी आहे. या आणि बघा. तेरा मे, सकाळी दहा. मी संचालक बाईंशी बोलले आहे, त्या सूक्ष्मदर्शक लावून ठेवतील.

चार निघाली, तर मी लेख मागे घेते. हे लेखी आहे, खाली सही आहे, गोराझ्दचीही आहे. त्याला ती करताना घाम फुटला.

पाच निघाली, तर हायराच्या कागदावर सही करा. त्यात सौद्याचं काही नाही. तिला सांगितलेलं आहे की चार निघाली तरी तुम्ही सही करायलाच हवी. पण मला तुम्ही माहीत आहात. पायाबद्दल तुम्ही खोटं बोलणार नाही. माणसाबद्दल बोललात, पायाबद्दल कधीच नाही.

मिलोयका रियावेत्स

लोक्वे, २० मे २०१९

प्रोफेसरसाहेब,

गेल्या सोमवारी खोलीत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर होते. संचालक बाईंनी दार मुद्दाम उघडं ठेवलं असावं. मला काय ऐकू आलं ते लिहिते, म्हणजे तुमच्याकडे दोन्ही बाजूंची नोंद राहील.

आधी तुम्ही खुर्चीला नावं ठेवलीत. मग दिव्याला. मग म्हणालात, "लाल चिठ्ठी माझी आहे." मग मोजलंत. एक, दोन, तीन, चार.

एकतीस वर्षं खात्री होती, आणि त्या बाकावर ती पार गेली. वाटलं, देग्रासींनी मला खूश करायला सांगितलं असेल. वाटलं, गोराझ्दचे नर वेगळे असतील आणि हा वेगळा. हायराला चादरी झटकताना काय वाटत असेल ते मला तिथे कळलं.

नेवा म्हणाली, "झालं, काका?"

तुम्ही म्हणालात, "गप्प बस. दिवा डावीकडून दे."

पुन्हा मोजलंत. या वेळी मनात, मला फक्त खुर्ची करकरलेली ऐकू आली. मग तिसऱ्यांदा, मोठ्याने, सावकाश, वर्गात शिकवताना मोजायचात तसं. चारनंतर थांबलात. आणि मग, "पाच."

नेवाने विचारलं, "म्हणजे त्या बाईंचं बरोबर?"

"म्हणजे पाच," तुम्ही म्हणालात. "तिने डावा पाय मोडला नसता तर तोही बघता आला असता."

तुम्ही बाहेर आलात. पंचवीसएक वर्षांनी मी तुम्हाला समोर पाहत होते. तुम्ही खूप लहान झाला आहात, कोट खांद्यावरून ओघळतो. नमस्कार नाही, काही नाही. काठी टेकून उभे राहिलात आणि विचारलंत, "पहिलं पेर केसांच्या झुपक्याखाली आहे. वरून दिसतच नाही. तुम्हाला कसं दिसलं?"

नऊ वर्षं तुमच्या हाताखाली काम केलं. तुम्ही मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी म्हटलं, "चिकटवताना तो उताणा होता. खालून दिसलं."

"हं," तुम्ही म्हणालात. "मी उताणा पाहिला नाही."

मग नेवाने कागद काढला. तुम्ही तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून पूर्ण वाचलात. मला वाटलं, परत करणार. तुम्ही पेन मागितलंत आणि मी लिहिलेलं शेवटचं वाक्य खोडलंत. मी लिहिलं होतं, "श्रीमती मुयकानोविच यांच्यावर अन्याय झाला." तुम्ही त्याच्या जागी तुमच्या अक्षरात लिहिलंत, "तिने नमुना पाडला असं मी म्हणालो. मी ते पाहिलेलं नव्हतं." आणि सही केलीत. संचालक बाईंनी शिक्का मारला.

मला तेव्हा राग आला होता. एवढ्याशा वाक्याने काय होतं, वाटलं. दुसऱ्या दिवशी येसेनित्सेला कागद घेऊन गेले. हायराने चष्मा लावून तो तीनदा वाचला, ओठ हलवत.

"पाहिलेलं नव्हतं," ती म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच. माझं वाक्य त्यांनी खोडलं."

"बरं केलं. तुझं वाक्य मला नसतं चाललं. अन्याय कुणावरही होतो, पावसासारखा. हे बरं आहे. यात माणूस आहे." तिने कागद घराच्या कागदपत्रांच्या लोखंडी पेटीत ठेवला, किल्ली फिरवली. मग म्हणाली, "आता तो किडा दाखव."

मी आकृती नेली होती, हातभर मोठी. ती चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिली.

"पाय लांब आहेत," ती म्हणाली. "मानही. तरुणपणी माझी मान अशी होती. ठेव नाव."

मला तिने माफ केलं का, तर नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. निघताना फक्त म्हणाली, पुढच्या वेळी येशील तेव्हा गुडघ्याला लावायचं तुमच्याकडचं मलम आण. पुढच्या वेळी, हे मी नीट ऐकलं.

पोलिसांचं अजून कळलेलं नाही. काही आलं तर जाईन. वकील शोध म्हणून गोराझ्द मागे लागला आहे. मी काय सांगणार वकिलाला, डबी माझीच होती.

आता तुमचं शुक्रवारी आलेलं पत्र. या वेळी हाताने लिहिलेलं. भुंगेऱ्याची ही जात आता तुमच्या वंशातली राहिली नाही, तेव्हा लेखातून तुमचं नाव पूर्णपणे काढून टाकावं, तुम्हाला या प्रकरणात राहायचं नाही, असं तुम्ही म्हणता. रागाने लिहिलंय की आणखी कशाने, ते मला कळलं नाही. तुम्हालाही कळलं असेल असं नाही.

पण तसं करता येत नाही, आणि हे तुम्हीच मला शिकवलंत. पहिल्या वर्षी, चिठ्ठ्या लिहायला बसवलं होतंत तेव्हा. जात एका वंशातून दुसऱ्यात गेली, तर जिने किंवा ज्याने तिला पहिल्यांदा नाव दिलं त्याचं नाव कंसात जातं. पुसलं मात्र जात नाही. चूक केलेल्या माणसाचंही नाही. तुम्ही त्या भुंगेऱ्याला "फ्रिगिदा" म्हणालात, थंडगार, आणि ते तसंच राहणार. छापखान्यातून आलेल्या कच्च्या पानावर ओळ अशी आहे:

हायरेला फ्रिगिदा (लेनार्चिच, १९८७)

माझं नाव वरच्या ओळीत आहे, गोराझ्दच्या आधी, वंशाच्या पुढे. हायरा पहिली, तुम्ही कंसात, मी वर. ते चोरीबद्दलचं वाक्यही आहे, एक अक्षर बदललेलं नाही. यातलं काही कुणाला हलवायचं असेल, तर त्याने दोर बांधून म्रझ्लात उतरावं, भुंगेरा शोधावा आणि पाय मोजावेत. मी वर तोंडाशी बसून पावाला चीज लावेन.

तुम्ही नाव काढायला सांगितलंत. मी काढत नाही.

मिलोयका रियावेत्स